गल्ली बंद, हमरस्ता चालू

दोस्तांनो, आज आपण लंडनला जाऊ या. तिथला राजवाडा, नदीवरचा उघडणारा पूल किंवा ते प्रसिद्ध घड्याळ पाहायला नाही बरं का, ते तुम्ही चित्रात शंभरदा पाहिलं असेल. आपण शिरणार आहोत तिथल्या साध्यासुध्या गल्ल्यांमध्ये. एकमेकांना चिकटलेली विटांची दुमजली घरं, प्रत्येक घरापुढे वीतभर बाग, दोन्ही कडांना उभ्या केलेल्या मोटारी. चालता चालता मध्येच रस्त्यात काय आडवं येतं? तर भल्यामोठ्या लाकडी कुंड्या! त्यांत झुडपं नि फुलं लावलेली, आणि बाजूला 'मोटारींना बंदी' सांगणारी गोल पाटी. दोन कुंड्यांच्या मधून सायकल सहज निघते, बाबागाडी निघते, आजोबांची चाकांची खुर्चीही निघते. मोटार मात्र निघत नाही.

तुम्ही म्हणाल, वा! रस्त्यात फुलझाडं, किती छान. पण याच कुंड्या रात्रीतून उलथवल्या गेल्या आहेत. त्यांच्यावर रंग फासला गेला आहे. त्या हव्यात म्हणून आणि नकोत म्हणून, दोन्हीसाठी मोर्चे निघाले आहेत, आणि भांडण पार उच्च न्यायालयापर्यंत गेलं आहे. चार कुंड्यांवरून एवढा गोंधळ का? कारण प्रश्न फुलझाडांचा नाहीच. गल्लीत न येणाऱ्या मोटारी मग जातात कुठे, आणि त्या जिथे जातात तिथे कोण राहतं, हा खरा प्रश्न आहे.

आधी या कुंड्या करतात काय ते समजून घेऊ. या योजनेला तिकडे 'लो ट्रॅफिक नेबरहूड' म्हणतात. आपण तिला सरळ 'कमी रहदारीची वस्ती' म्हणू. कल्पना करा की चार मोठ्या रस्त्यांच्या मध्ये एक चौकोन आहे आणि त्या चौकोनात वीस-पंचवीस गल्ल्या आहेत. पूर्वेच्या हमरस्त्यावरून पश्चिमेच्या हमरस्त्यावर जायचं असेल तर खरं म्हणजे वळसा घालून मोठ्या रस्त्याने जायला हवं. पण मोटारवाला हुशार! सिग्नल टाळायला तो गल्ल्यांतून घुसतो. पूर्वी ही चोरवाट फक्त तिथल्या माणसांना ठाऊक असायची. आता मोबाइलमधला नकाशा ती कोणालाही सांगतो. मग ज्या गल्लीत मुलं खेळायची, तिथून दिवसभर अनोळखी मोटारी धावतात.

कुंडी या आरपार जाण्यालाच आडवी येते. वस्तीतल्या प्रत्येक घरापर्यंत मोटार अजूनही जाते. पोस्टाची गाडी जाते, कचऱ्याची गाडी जाते, पाहुणे येतात. फक्त ज्या बाजूने आत शिरायचं, बहुधा त्याच बाजूने बाहेर पडायचं. काही ठिकाणी कुंडीऐवजी लोखंडी खुंट असतो. काही ठिकाणी नुसता कॅमेरा असतो. तो अग्निशामक दलाच्या गाडीला अडवत नाही, पण इतर कोणी गेलं की नंबर टिपतो आणि दंडाची चिठ्ठी घरी पाठवतो.

ही युक्ती आजची नाही. कॉलिन ब्युकॅनन नावाच्या ब्रिटिश नगररचनाकाराने १९६३ साली 'ट्रॅफिक इन टाउन्स' हा अहवाल लिहिला. त्यात त्याने शहराची तुलना इमारतीशी केली. इमारतीत खोल्या असतात आणि व्हरांडे असतात. ये-जा व्हरांड्यातून करायची, खोलीत राहायचं. शेजारच्या खोलीतल्या माणसाने रोज तुमच्या अभ्यासाच्या टेबलावरून उडी मारून जिन्याकडे जायचं ठरवलं तर चालेल का? शहरातल्या गल्ल्या म्हणजे खोल्या, हमरस्ते म्हणजे व्हरांडे. पुढे १९७० च्या दशकात लंडनच्या हॅकनी भागातल्या डी बोव्हॉर टाउनसारख्या काही वस्त्यांत रस्ते असे बंदही केले गेले.

तुलना झकास आहे, हो की नाही? पण तिच्यात एक गफलत आहे आणि ती आपल्याला शेवटपर्यंत लक्षात ठेवायची आहे. व्हरांड्यात कोणी झोपत नाही. लंडनच्या हमरस्त्यांवर मात्र माणसं राहतात. दुकानांच्या वरच्या मजल्यांवर राहतात, रस्त्याला लागून उभ्या असलेल्या इमारतींमध्ये राहतात. तिथे शाळा आहेत, दवाखाने आहेत, बसथांबे आहेत.

अशाच एका मोठ्या रस्त्याच्या कडेला एला राहायची. एला अडू-किसी-डेब्रा. दक्षिण-पूर्व लंडनमध्ये लुईशॅम नावाचा भाग आहे. तिथून 'साउथ सर्क्युलर' हा अतिशय वर्दळीचा रस्ता जातो आणि एलाचं घर त्याच्यापासून जेमतेम २५-३० मीटरवर होतं. पोहणं, फुटबॉल, गाणं-बजावणं, सगळ्यात पुढे असणारी मुलगी. सातवं वर्ष लागायच्या सुमारास, २०१० मध्ये, तिला दम्याचा त्रास सुरू झाला. तो साधासुधा नव्हता. पुढच्या दोन-अडीच वर्षांत तिला जवळजवळ तीस वेळा इस्पितळात न्यावं लागलं. फेब्रुवारी २०१३ मध्ये ती गेली. तेव्हा ती नऊ वर्षांची होती.

तिची आई रोझमंड शिक्षिका होती. आपल्या मुलीला नक्की काय झालं, हा प्रश्न तिने सोडला नाही. पहिल्या चौकशीत हवेचा विषयच निघाला नव्हता. आईच्या प्रयत्नांमुळे पुन्हा चौकशी झाली आणि डिसेंबर २०२० मध्ये कॉरोनर फिलिप बार्लो यांनी निकाल दिला की एलाच्या मृत्यूला हवेच्या प्रदूषणाचा मोठा हातभार लागला. कॉरोनर म्हणजे मृत्यूच्या कारणांची चौकशी करणारा अधिकारी. ब्रिटनमध्ये एखाद्या माणसाच्या मृत्यूचं कारण म्हणून हवेच्या प्रदूषणाची अधिकृत नोंद होण्याची ही पहिलीच वेळ होती.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. एला गेली २०१३ मध्ये, आणि लुईशॅममध्ये कुंड्या आल्या २०२० मध्ये. तेव्हा तिच्या दुखण्याचा कुंड्यांशी काही संबंध नाही. पण कमी रहदारीच्या वस्तीवर वाद घालणारी दोन्हीकडची माणसं एलाचं नाव घेतात, आणि दोघांचंही मला पटतं. एक म्हणतो, 'पाहा, मोटारींचा धूर मुलांचा जीव घेतो, म्हणून मोटारी कमी करा.' दुसरा म्हणतो, 'पाहा, हमरस्त्यावर मुलं राहतात, तर गल्लीतल्या मोटारी त्यांच्या दारात ढकलू नका.'

हा धूर म्हणजे नेमकं काय? इंजिनात इतकी उष्णता असते की हवेतलेच नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येतात. त्यातून शेवटी नायट्रोजन डायऑक्साइड नावाचा वायू बनतो. तो श्वासनलिकेला सूज आणतो. डिझेलच्या जुन्या गाड्या तो जास्त सोडतात, आणि थांबत-चालत, थांबत-चालत जाणारी गाडी सुरळीत जाणाऱ्या गाडीपेक्षा जास्त धूर ओकते. याशिवाय अगदी बारीक कण असतात. ते धुरातून येतात, तसे ब्रेक आणि टायर झिजूनही येतात. म्हणून विजेवर चालणारी मोटार धूर सोडत नसली तरी 'मी अगदी स्वच्छ!' असं तिला म्हणता येत नाही. लंडनमध्येच संशोधकांनी २००९ ते २०१४ या काळात २८ प्राथमिक शाळांतल्या आठ-नऊ वर्षांच्या दोन हजारांहून अधिक मुलांची फुप्फुसं तपासली. ज्या भागात ती राहत होती तिथल्या घाण हवेमुळे त्यांच्या फुप्फुसांत मावणारी हवा सुमारे ५ टक्क्यांनी कमी असल्याचं दिसलं. हे संशोधन २०१८ साली प्रसिद्ध झालं.

आणखी एक महत्त्वाची गोष्ट म्हणजे हा वायू रस्त्याच्या कडेला सर्वांत दाट असतो आणि रस्त्यापासून दूर जाल तसा झपाट्याने विरळ होतो. एकाच शहरात, एकाच पिन कोडमध्ये, शंभर पावलांच्या अंतरावर राहणारी दोन मुलं अगदी वेगळी हवा घेत असतात. म्हणूनच मोटारी कुठून कुठे सरकल्या याला एवढं महत्त्व.

आता पुन्हा कुंड्यांकडे वळू. २०१४ साली लंडनच्या महापौरांनी वॉल्थम फॉरेस्ट या भागाला रस्ते सुधारण्यासाठी सुमारे २ कोटी ७० लाख पौंड दिले. सायकलींच्या देशाच्या नावावरून योजनेला म्हणायचे 'मिनी हॉलंड'. तिथल्या वॉल्थमस्टो व्हिलेजमधल्या गल्ल्या आरपार जाणाऱ्या मोटारींना बंद झाल्या. काही दुकानदार इतके चिडले की २०१५ मध्ये उद्घाटनाच्या दिवशी विरोधकांनी चक्क शवपेटी घेऊन मोर्चा काढला. म्हणजे काय, तर 'आमचा रस्ता मेला!' रस्ता काही मेला नाही. आज तिथे लोक रस्त्यात खुर्च्या टाकून कॉफी पितात.

खरी धूम उडाली २०२० मध्ये. कोविडची साथ. बसमध्ये, भुयारी रेल्वेत बसायला लोक घाबरत होते. सगळ्यांनी मोटारी बाहेर काढल्या तर शहर गुदमरेल, म्हणून मे २०२० मध्ये ब्रिटिश सरकारने चालणं आणि सायकल यांसाठी २५ कोटी पौंड जाहीर केले आणि पालिकांना सांगितलं, झटपट करा. लंडनमध्ये बत्तीस पालिका आहेत, त्यांना 'बरो' म्हणतात. अनेक बरोंनी काही आठवड्यांत कुंड्या मांडल्या. कायद्यात 'प्रयोगादाखल' अशी एक सोय होती. आधी कुंडी ठेवायची, मग लोकांचं म्हणणं ऐकायचं, आणि दीड वर्षाच्या आत कायमचं करायचं की काढायचं ते ठरवायचं.

आधी करायचं, मग विचारायचं. घाईच्या वेळी हे समजण्यासारखं आहे. पण एक दिवस सकाळी उठून तुमच्या रोजच्या वाटेवर कुंडी दिसली, आणि कोणी एका शब्दाने विचारलं नव्हतं, तर कसं वाटेल? योजना चांगली की वाईट हे बाजूलाच राहतं. लुईशॅममध्ये, एलाच्याच भागात, ली ग्रीनची योजना २०२०च्या उन्हाळ्यात आली. भोवतालच्या रस्त्यांवर कोंडी झाल्याच्या इतक्या तक्रारी आल्या की पालिकेने नोव्हेंबरमध्ये ती आखडती घेतली. ईलिंग बरोने २०२१ मध्ये रहिवाशांना विचारून बहुतेक योजना गुंडाळल्या.

मग हमरस्त्यांवर खरोखर काय झालं? हे आरडाओरड्यावरून ठरत नाही, मोजून ठरतं. मोजायचं साधन फार गमतीचं आहे. बोटाएवढी लांब, पारदर्शक प्लॅस्टिकची नळी. एका टोकाला झाकण, त्यात तारेची बारीक जाळी, आणि जाळीला एक रसायन लावलेलं. दुसरं टोक उघडं. ही नळी उघडं तोंड खाली करून दिव्याच्या खांबाला बांधायची आणि महिनाभर विसरून जायची. हवेतला नायट्रोजन डायऑक्साइड हळूहळू वर सरकतो आणि त्या रसायनात अडकतो. महिन्याने नळी प्रयोगशाळेत पाठवली की महिन्याची सरासरी समजते. ना वीज लागते, ना पंखा. स्वस्त असल्यामुळे पालिका अशा कितीतरी नळ्या टांगतात. पण शाळा सुटताना पाच वाजता हवा किती वाईट होती, हे नळी सांगत नाही. ती फक्त महिन्याचा हिशोब देते.

शिवाय २०२०च्या आकड्यांत एक मोठी अडचण. टाळेबंदीमुळे सगळीकडेच मोटारी कमी झाल्या होत्या. हवा सुधारली ती कुंडीमुळे की टाळेबंदीमुळे? अशा वेळी शास्त्रज्ञ काय करतात? जिथे कुंड्या नाहीत पण बाकी सगळं सारखं आहे, असे दुसरे भाग घेतात आणि तिथल्या बदलाशी तुलना करतात. इम्पीरियल कॉलेजच्या संशोधकांनी इझलिंग्टन बरोमधल्या तीन वस्त्यांचा असा अभ्यास करून २०२२ मध्ये प्रसिद्ध केला. वस्तीच्या आत रहदारी निम्म्याहून जास्त घटली आणि नायट्रोजन डायऑक्साइड ५.७ टक्क्यांनी कमी झाला. आणि कडेच्या रस्त्यांवर? तिथेही रहदारी सुमारे १३ टक्क्यांनी आणि हा वायू ८.९ टक्क्यांनी कमी झाला!

थांबा, हे कसं? पाणी अडवलं तर ते बाजूने वाहणारच ना? इथेच गंमत आहे. रहदारी पाण्यासारखी नसते. मोटारीत माणूस असतो, आणि माणूस विचार बदलतो. पाव किलोमीटरवर पाव आणायला मोटारीने जाणारा चालत जाऊ लागतो. दोन फेऱ्यांचं काम कोणी एका फेरीत उरकतो. कोणी सायकल काढतो. इंग्लंडमधल्या तीन संशोधकांनी रस्ते बंद झाल्याची निरनिराळ्या देशांतली सत्तराच्या आसपास उदाहरणं गोळा केली होती आणि २००२ साली लेख लिहिला होता. निम्म्या उदाहरणांत, आधी तिथून जाणाऱ्या रहदारीतला दहावा हिस्सा किंवा त्याहून जास्त भाग आसपासच्या कोणत्याच रस्त्यावर सापडला नाही. जणू हवेत विरून गेला.

पण इझलिंग्टनच्या या आकड्यांवर मी अगदी डोळे मिटून विश्वास ठेवणार नाही. तीनच वस्त्या, तोही साथीचा काळ, आणि कडेच्या रस्त्याची हवा आतल्यापेक्षाही जास्त सुधारली म्हणजे जरा नवलच. त्यापेक्षा मोठा अभ्यास नंतर झाला. लंडनमधल्या ४६ वस्त्यांची पालिकांनी केलेली वाहनमोजणी त्यात एकत्र केली होती. त्यात वस्तीच्या आतली रहदारी सुमारे निम्म्यावर आलेली दिसली, आणि कडेच्या रस्त्यांवर सरासरीने जवळपास काहीच फरक नाही, एक टक्क्याहूनही कमी.

'झालं तर मग!' असं म्हणून कुंडीवाले आनंदाने टाळ्या पिटतात. पण दोस्तांनो, 'सरासरी' हा शब्द ऐकला की कान टवकारायचे. समजा, वर्गात दोन मुलं आहेत. एकाचे गुण दहाने वाढले, दुसऱ्याचे दहाने घटले. वर्गाची सरासरी किती बदलली? शून्य! पण दुसऱ्या मुलाच्या घरी जाऊन 'काही बदललं नाही हो काकू' असं सांगून पाहा. त्या ४६ वस्त्यांच्या कडेच्या रस्त्यांपैकी साधारण निम्म्यांवर रहदारी घटली आणि निम्म्यांवर वाढली. जिथे वाढली तिथे राहणाऱ्या मुलीने घेतलेला श्वास सरासरीचा नसतो, तिच्या खिडकीबाहेरच्या हवेचा असतो.

आता विरोधकांचं दुसरं म्हणणं पाहू. ते म्हणतात, ही श्रीमंतांची चैन आहे. महागड्या घरांच्या गल्ल्या शांत करायच्या आणि गरिबांच्या हमरस्त्यावर धूर सोडायचा. ऐकायला खरं वाटतं, आणि एखाद्या ठिकाणी खरंही असेल. पण संपूर्ण लंडनचा हिशोब मांडला तर उलट निघालं. २०२० मध्ये मार्च ते सप्टेंबरात आलेल्या वस्त्यांत सुमारे तीन लाख लोक राहत होते. वेस्टमिन्स्टर विद्यापीठाच्या रेचेल आल्ड्रेड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये दाखवलं की सर्वांत गरीब चौथ्या हिश्श्यातला माणूस अशा वस्तीत राहत असण्याची शक्यता सर्वांत श्रीमंत चौथ्या हिश्श्यातल्या माणसाच्या २.७ पट होती. शिवाय लंडनमध्ये सुमारे ४० टक्के घरांकडे मोटारच नाही. इझलिंग्टनमध्ये तर जवळपास दोनतृतीयांश घरांकडे नाही. मोटार नसलेल्या घरातल्या मुलाने मोटारवाल्याचा धूर खायचा, हा अन्याय कुंड्या येण्याच्या कितीतरी आधीपासून चालूच होता. त्यावर मात्र कोणी शवपेटी काढली नाही.

तरी काही जणांची अडचण खरीच आहे. ज्यांना चालता येत नाही, सायकल चालवता येत नाही, मोटार हेच ज्यांचे पाय आहेत, त्यांना प्रत्येक फेरीत पंधरा-वीस मिनिटांचा वळसा पडला तर ते काय करणार? लॅम्बेथ बरोमध्ये एका अपंग महिलेने पालिकेला न्यायालयात खेचलं. २०२१ मध्ये आणि अपिलात २०२२ मध्ये निकाल तिच्या विरुद्ध गेला. पण पुढे काही पालिकांनी अपंगांना मिळणाऱ्या निळ्या कार्डावर, म्हणजे 'ब्लू बॅज'वर, कॅमेऱ्याच्या वाटा मोकळ्या केल्या. मला वाटतं, हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. त्याला काही फार अक्कल लागत नाही.

याच लॅम्बेथ बरोमधल्या वेस्ट डलिच भागाचा निकाल मे २०२५ मध्ये लागला, आणि तो पालिकेच्या विरुद्ध लागला. रहिवाशांनी मेहनतीने ५३ पानांचं सादरीकरण तयार करून पालिकेला दिलं होतं. योजनेचे काय परिणाम होतील याचा इशारा त्यात होता. पालिकेने निर्णय घेताना ते विचारातच घेतलं नाही, म्हणून उच्च न्यायालयाने योजना बेकायदा ठरवली. कुंड्या वाईट असतात असं न्यायालय म्हणालं नाही हं! लोकांनी दिलेलं वाचा, एवढंच त्याचं म्हणणं.

तर मग कुंड्या ठेवायच्या की काढायच्या? माझं उत्तर विचाराल तर ठेवायच्या. पण कुंडी हे अर्धं काम आहे, आणि सोपं अर्धं. हमरस्त्याचं काम अवघड आहे म्हणून ते सोडून द्यायचं, याला मी न्याय म्हणणार नाही. कुंडी ठेवायच्या आधीच कडेच्या रस्त्यावरच्या शाळेबाहेर, दुकानावरच्या खिडकीबाहेर नळी टांगायला हवी, आणि आकडा वाढला तर काय करायचं हे आधीच लिहून ठेवायला हवं. बसला वेगळी पट्टी द्यायची, सिग्नलच्या वेळा बदलायच्या, एखादी कुंडी दुसऱ्या गल्लीत हलवायची. लंडनने मोठ्या रस्त्यांसाठी एक काम केलंही आहे. जुन्या, जास्त धूर सोडणाऱ्या गाडीला दिवसाला साडेबारा पौंड भरावे लागतात. २०१९ मध्ये हा नियम फक्त मध्यवर्ती भागात होता, २०२१ मध्ये वाढला, आणि २९ ऑगस्ट २०२३ पासून साऱ्या लंडनला लागू झाला. कुंडी धूर आडवते फक्त गल्लीत, हा नियम हमरस्त्यावरही लागू पडतो. ब्रिटनच्या कायद्याप्रमाणे नायट्रोजन डायऑक्साइडची वर्षाची सरासरी एका घनमीटर हवेत ४० मायक्रोग्रॅमच्या वर जाऊ नये. ही मर्यादा लंडनने पहिल्यांदा पाळली ती २०२४ मध्ये. आणि जागतिक आरोग्य संघटना २०२१ पासून किती म्हणते आहे? फक्त १०.

आता तुमच्यासाठी एक उद्योग. एक वही, एक पेन्सिल, एक घड्याळ आणि घरातलं एक मोठं माणूस बरोबर घ्या. तुमच्या गल्लीच्या तोंडाशी फुटपाथवर किंवा एखाद्या दुकानाच्या पायरीवर पंधरा मिनिटं उभे राहा. जाणाऱ्या प्रत्येक वाहनासाठी एक रेघ मारा. स्कूटर, रिक्षा, मोटार, टेम्पो, ट्रक, बस, सायकल, प्रत्येकाचा रकाना वेगळा. मग तसंच पंधरा मिनिटं जवळच्या हमरस्त्यावर करा. रस्त्यावर उतरायचं नाही, मोजण्याच्या नादात तर मुळीच नाही. दोन्ही ठिकाणी रस्त्याकडे उघडणाऱ्या राहत्या घरांच्या खिडक्या किती तेही मोजा, कारण गाड्यांचा आकडा खिडक्यांच्या आकड्याशेजारी ठेवल्याशिवाय त्याला अर्थ येत नाही. जमलं तर सकाळी शाळेच्या वेळी एकदा आणि दुपारी एकदा, असं दोनदा करा.

एक अडचण येईल. सायकलसाठी एक रेघ आणि साठ माणसांनी भरलेल्या बससाठीही एकच रेघ, की बससाठी माणसांइतक्या रेघा? दोन्ही तऱ्हा चालतील, पण उत्तरं अगदी वेगळी येतील. तेव्हा कोणती तऱ्हा ते आधी वहीच्या पहिल्या पानावर लिहा, आणि मोजणी सुरू झाल्यावर बदलू नका.